आठ सेकंदांनंतर धावून येणारा माणूस

अमेरिकेतील रोडिओच्या, म्हणजे गुराख्यांच्या घोडे-वळूंवरील खेळांच्या, चित्रफिती आता आपल्याकडेही मोबाइलवर सर्रास पाहिल्या जातात. त्यांतील बहुतेकांचा नायक वळूच्या पाठीवर बसलेला स्वार असतो आणि तो खाली पडला की चित्रफीतही सहसा तिथेच तोडलेली असते. ज्या थोड्या चित्रफिती पुढे चालू राहतात, त्यांतील एक दृश्य पाहणाऱ्याला कोड्यात टाकते. स्वार जिवाच्या आकांताने कठड्याकडे पळत असतो आणि त्याच क्षणी दोन-तीन माणसे उलट दिशेने, थेट वळूच्या तोंडावर धावून येतात. त्यांच्या हातात काठी नसते, दोर नसतो आणि शस्त्र तर नसतेच. ही माणसे कोण असतात, ती मागे का हटत नाहीत आणि त्या जनावरापुढे टिकतात तरी कशी, हे प्रश्न ज्याला पडले असतील त्याच्यासाठी हा लेख आहे.

या माणसांना अमेरिकेत ‘बुलफायटर’ म्हणतात. स्पेनमध्ये तलवार घेऊन वळूला ठार मारणारा मॅटडोर असतो. त्याच्याशी रोडिओतील बुलफायटरचा काहीही संबंध नाही. पडलेला स्वार सुरक्षित बाहेर जाईपर्यंत वळूचे लक्ष स्वतःकडे ओढून घेणे, एवढेच त्याचे काम असते. हा पेशा नीट समजावा म्हणून मी एका खऱ्या माणसाची कारकीर्द सोबत घेतली आहे. स्लिम पिकन्स या नावाने ओळखल्या गेलेल्या या गृहस्थांनी रोडिओच्या रिंगणात जवळपास वीस वर्षे काढली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लष्करी हवाई दलात नोकरी केली आणि पुढे चित्रपटांमुळे ते जगभर ओळखले गेले. त्यांच्या नावावर मृत्यूनंतरही जी कीर्ती जमा झाली ती मुख्यतः चित्रपटांची आहे. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील अधिक मोलाचे काम त्याआधीचे होते.

आठ सेकंदांचा हिशेब

रोडिओ हा गुराख्यांच्या रोजच्या कामातून जन्मलेला खेळ आहे. वासराला दोराच्या फासात पकडणे, रानटी घोड्याला वठणीवर आणणे, ही कुरणावरची खरी कामे होती आणि त्यांच्या चढाओढीतून स्पर्धा तयार झाल्या. वळूवर स्वार होण्याचा प्रकार मात्र कोणत्याही कामातून आलेला नाही, कारण वळूच्या पाठीवर बसून गुराख्याचे कोणतेच काम होत नाही. तो पहिल्यापासून धाडसाचा खेळ आहे.

त्याचे नियम थोडे आहेत. वळूला लोखंडी खोड्यात उभे करून त्याच्या छातीभोवती एक पीळदार दोर आवळतात. स्वार एक हात त्या दोरात अडकवून घट्ट धरतो आणि दुसरा हात मोकळा ठेवतो. त्या मोकळ्या हाताचा वळूला किंवा स्वतःला स्पर्श झाला तर तो बाद ठरतो. दार उघडल्यापासून आठ सेकंद तो पाठीवर टिकला तर त्याला गुण मिळतात. एकूण गुण शंभर असतात, त्यांपैकी निम्मे स्वाराच्या कौशल्याचे आणि निम्मे वळूच्या उसळण्याचे, त्यामुळे शांत वळू वाट्याला आला तर उत्तम स्वारालाही चांगले गुण मिळत नाहीत. प्रत्येक स्वाराला अवघड वळूच हवा असतो.

प्रेक्षकांचे लक्ष या आठ सेकंदांवर असते, परंतु बुलफायटरचे खरे काम घंटा वाजल्यानंतर, किंवा त्याआधीच स्वार फेकला गेला तर त्या क्षणापासून सुरू होते. घोड्याच्या स्पर्धेत स्वाराला उतरवून घेण्यासाठी दोन घोडेस्वार बाजूला तयार असतात. ते जवळ येतात आणि स्वार त्यांच्या घोड्यावर सरकतो. वळूच्या बाबतीत हा उपाय चालत नाही, कारण वळू मदतीला आलेल्या घोड्यावरही शिंगे रोखतो. शिवाय बहुतेक घोडे पाठीवरचे ओझे गेले की दूर पळतात, तर अनेक वळू मागे वळून पडलेल्या माणसाला शोधतात. त्यामुळे पायी उभ्या असलेल्या माणसाशिवाय दुसरा आधार उरत नाही.

या खेळाचा धोका उतरल्यावर किती असतो, हे १९८९ साली साऱ्या रोडिओ जगाला कळले. वायोमिंगमधील शायेन येथे ३० जुलै रोजी लेन फ्रॉस्ट या पंचवीस वर्षांच्या जगज्जेत्या स्वाराने आठ सेकंद पूर्ण केले आणि तो उतरला. चिखलात पडलेल्या फ्रॉस्टच्या पाठीत वळूने शिंग मारले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्याची फेरी यशस्वी ठरली होती. या घटनेनंतर त्याचा मित्र आणि सहस्पर्धक कोडी लँबर्ट याने स्वारांसाठी संरक्षक जाकीट तयार केले आणि नव्वदच्या दशकात ते सर्वत्र रूढ झाले. जाकिटामुळे बरगड्या वाचू शकतात, पण वळूला दूर नेण्याचे काम जाकीट करू शकत नाही.

कृष्णाकाठचे रक्त

या गोष्टीत महाराष्ट्राचा एक खरा धागा आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. अमेरिकेतील जुन्या रोडिओत लोक साध्या खच्ची केलेल्या बैलांवरही बसत असत. १९२० च्या दशकापासून रिंगणात ‘ब्राह्मन’ जातीचे आणि तिच्या संकरातले वळू येऊ लागले, आणि खेळाचे स्वरूप बदलले. हे वळू चपळ, उंच उडी घेणारे आणि माणसाच्या अंगावर येणारे होते. त्यांच्या पाठीवर वशिंड होते, गळ्याला लोंबती पोळी होती, आणि कारण उघड होते, ते मूळचे भारतीय होते.

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचा उष्मा, दमट हवा आणि गोचिडांचा उपद्रव युरोपीय गुरांना सोसत नव्हता. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे भारतीय वंशाची गुरे नेण्यात आली. १८५४ ते १९२६ या काळात २६६ वळू आणि २२ गायी अमेरिकेत पोहोचल्याची नोंद आढळते. गीर, गुजरातची कांकरेज, आंध्रची ओंगोल (जिला तिकडे नेल्लोर म्हणतात) आणि कृष्णा खोऱ्यातील ‘कृष्णाकाठची’ जात, यांच्या संकरातून अमेरिकन ब्राह्मन तयार झाली आणि १९२४ साली तिच्या पैदासकारांची संघटना स्थापन झाली. यांपैकी कृष्णाकाठच्या जातीचा वाटा इतरांपेक्षा कमी असला, तरी तो मान्य केलेला आहे. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील काळ्या चिकट जमिनीत जड नांगर ओढण्यासाठी ही जात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडवली गेली आणि त्यात सांगलीसारख्या संस्थानांचा मोठा हात होता. आज तिच्या मूळ प्रदेशात या जातीची जनावरे फार थोडी उरली आहेत, याचे वाईट वाटते.

आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको की हीच गुरे मायेने वाढवली तर लहान मुलाच्या हाती कासरा देण्याइतकी शहाणी असतात. रोडिओत त्यांचे वागणे वेगळे दिसते, याची कारणे उसळण्यासाठी केलेल्या निवडक पैदाशीत आणि त्या आठ सेकंदांच्या परिस्थितीत आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की या वळूंच्या आगमनामुळेच बुलफायटर नावाचा पेशा जन्माला आला. त्याआधी रिंगणातील विदूषक दोन फेऱ्यांमधला रिकामा वेळ भरून काढत असे. त्यानंतर त्याला माणसे वाचवावी लागली.

वेगाला वळणाने उत्तर

रोडिओतील वळूचे वजन साधारण ७०० ते ९०० किलो असते आणि सरळ रेषेत तो माणसापेक्षा निश्चितच वेगाने धावतो. मग माणूस वाचतो कसा? उत्तर वळणात आहे. उसाने भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर सरळ रस्त्यावर सायकलस्वाराला सहज मागे टाकेल, पण सायकलस्वार अचानक अरुंद बोळात वळला तर ट्रॅक्टरला तसे वळता येणार नाही, कारण ज्या वजनामुळे तो जोरदार आहे तेच वजन त्याला पुढे ओढत नेते. बुलफायटरची सारी विद्या या एका तत्त्वावर उभी आहे. तो वळूपासून लांब पळत नाही. तो वळूच्या खांद्याजवळ राहून लहान वर्तुळात धावतो आणि वळूला आपल्याभोवती मोठे वर्तुळ घ्यायला लावतो. वर्तुळ जितके लहान, तितका माणूस सुरक्षित. नवखा माणूस घाबरून सरळ कठड्याकडे पळतो आणि नेमका तिथेच पकडला जातो.

या वर्तुळात शिरण्यासाठी ‘हूल’ द्यावी लागते. कबड्डीत चढाई करणारा एका बाजूला झुकून दुसरीकडून निसटतो हे आपण पाहिलेले असते. इथेही वळू समोरून येत असताना बुलफायटर एका बाजूला स्पष्ट पाऊल टाकतो, वळू त्या दिशेला मान वळवून आपले वजन तिकडे टाकतो, आणि त्याच वेळी माणूस विरुद्ध बाजूने त्याच्या खांद्याजवळून निघून जातो. हूल फार लवकर दिली तर वळूला पुन्हा दिशा बदलायला वेळ मिळतो आणि उशिरा दिली तर शिंग लागते. हा मधला क्षण कोणत्याही पुस्तकातून शिकता येत नाही. त्यासाठी शेकडो वेळा जनावरासमोर उभे राहावे लागते आणि जनावर ओळखावे लागते.

जनावर ओळखणे म्हणजे काय, तेही सांगतो. वळूचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचे खूप दिसते, परंतु नाकाच्या अगदी पुढचे आणि पाठीमागचे दिसत नाही. हलणाऱ्या वस्तूकडे त्याचे लक्ष चटकन जाते. काही वळू डाव्या बाजूला वळणे पसंत करतात, काही उजव्या. काही मान खाली घालून डोळे मिटल्यासारखे येतात, तर काही शेवटच्या क्षणापर्यंत माणसावर नजर ठेवून असतात, आणि अनुभवी लोक दुसऱ्या प्रकाराला अधिक धोकादायक मानतात. चांगला बुलफायटर फेरीआधी वळूच्या मालकाशी बोलतो, त्याची मागची खोड विचारतो, आणि खोड्यात उभा असतानाच त्याचे कान व मान न्याहाळतो.

स्वार पडला की बुलफायटरला पहिल्या सेकंदात तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: स्वार उठण्याच्या स्थितीत आहे का, वळूने त्याला पाहिले आहे का, आणि आपल्या जोडीदाराने कोणती बाजू घेतली आहे. एकाने वळू आणि स्वार यांच्या मध्ये शिरायचे असते, दुसऱ्याने वळूला बाहेरच्या दाराकडे ओढायचे असते. दोघेही एकाच बाजूला गेले तर स्वार उघडा पडतो. म्हणून एकत्र काम करणाऱ्या जोड्यांना मोठी किंमत असते, आणि त्यांच्यात बोलण्याची गरज जवळजवळ नसते.

हात दोरात अडकतो तेव्हा

सर्वांत वाईट प्रसंग पडण्याचा नसतो. स्वाराचा हात दोरात अडकून तो वळूच्या कुशीला लोंबकळत राहतो, तो प्रसंग त्याहून भीषण असतो. वळू उसळतच असतो आणि स्वाराचे पाय खुरांखाली येत असतात. दोराच्या खालच्या बाजूला मुद्दाम जड घंटा बांधलेली असते, जेणेकरून पकड सुटली की दोर तिच्या वजनाने आपोआप खाली गळून पडावा. पण ज्या बाजूला स्वार घट्ट अडकला आहे, त्या बाजूचा फास त्याच्याच वजनाने आवळला जातो.

अशा वेळी एक बुलफायटर वळूच्या तोंडासमोर राहून त्याला फार जोराने गोल फिरू देत नाही, आणि दुसरा वळूच्या अंगाला भिडून दोराचे मोकळे टोक शोधून ओढतो. दुसऱ्या माणसाला ना हूल देता येते, ना वर्तुळात निसटता येते, कारण त्याचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात. त्याने वापरलेली सगळी विद्या या क्षणी बाजूला पडते आणि उरतो तो केवळ निर्धार. या पेशातील सर्वांत मोठे धैर्य इथे दिसते, असे मला वाटते, आणि नेमके हेच प्रेक्षकाला धुळीत आणि गर्दीत नीट दिसत नाही.

मग तो विदूषकासारखा का सजतो?

जुन्या छायाचित्रांत बुलफायटर ढगळ विजार, रंगीत पट्टे आणि चेहऱ्यावर रंग लावलेला दिसतो. याचे कारण इतिहासात आहे. सुरुवातीला हे काम रोडिओतल्या विदूषकाकडेच होते, आणि ढगळ कपड्यांचा उपयोगही होता, कारण वळूचे शिंग कापडात अडकले तर कापड फाटून माणूस सुटत असे. पुढे एकाच माणसाची दोन कामे वेगळी झाली. लोकांना हसवणारा आणि आतून गादी लावलेल्या पिंपात उभा राहून प्रसंगी वळूला स्वतःकडे बोलावणारा तो ‘बॅरलमन’, आणि मोकळ्या रिंगणात धावणारा तो बुलफायटर. पिंपाचा वापर रूढ करण्याचे श्रेय टेक्सासच्या जॅस्बो फुल्कर्सन यांना देतात. वॉशिंग्टन राज्यातील विक पेथ यांनी विनोद जवळजवळ बाजूला ठेवून केवळ संरक्षण हेच आपले काम मानले, आणि आजचे बुलफायटर त्यांना आपला पूर्वज मानतात. आता मोठ्या स्पर्धांत हे लोक रंग न लावता खेळाडूंसारख्या पोशाखात, तळव्याला खिळे असलेले बूट आणि आतून संरक्षक जाकीट घालून उतरतात.

माझ्या मते हा बदल योग्यच झाला, कारण ज्याच्या भरवशावर दुसऱ्याचा जीव आहे त्याच्या कामाकडे गंभीरपणे पाहिले जाणे आवश्यक आहे. तरीही जुन्या रंगवलेल्या चेहऱ्यांना कमी लेखू नये. प्रेक्षकांची घबराट शमवणे हेही त्यांचे काम होते. स्वार जखमी होऊन पडला असताना डॉक्टर पोहोचेपर्यंत हजारो लोकांचे लक्ष दुसरीकडे वळवणे सोपे नसते.

स्लिम पिकन्स: गोठ्यातून रिंगणात

आता ज्यांची कारकीर्द सांगायची आहे त्यांच्याकडे येऊ. लुईस बर्टन लिंडली (ज्युनियर) यांचा जन्म २९ जून १९१९ रोजी कॅलिफोर्नियातील किंग्सबर्ग येथे झाला. वडील दुग्धव्यवसाय करणारे शेतकरी होते. मुलगा अगदी लहानपणापासून घोड्यावर बसत असे आणि पौगंडावस्थेतच तो रोडिओकडे वळला. वडिलांना हे मान्य नव्हते. तेव्हा खरे नाव जाहिरातीत येऊ नये म्हणून त्याने दुसरे नाव घेतले. एका आयोजकाने त्याला ‘तुझ्या हाती इथे फारसे काही लागणार नाही’ अशा अर्थाचे जे शब्द ऐकवले होते, तेच त्याने नाव म्हणून नोंदवले, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे आयुष्यभर ते स्लिम पिकन्स राहिले.

सुरुवातीला ते स्पर्धक म्हणून उतरत, पण त्यांची ओळख झाली ती विदूषक आणि बुलफायटर म्हणून. त्या काळात ही दोन्ही कामे एकच माणूस करत असे, हे आपण पाहिले. म्हणजे एकाच संध्याकाळी लोकांना हसवायचे, आणि पुढच्याच मिनिटाला वळूच्या शिंगांसमोर उभे राहायचे. संरक्षक जाकीट नव्हते, आजच्यासारखी रिंगणाशेजारची वैद्यकीय पथके नव्हती, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी शेकडो मैल गाडी चालवत जायचे. १९३६ साली बॉस्टनमध्ये स्पर्धकांनी बक्षिसांच्या रकमेवरून संप केला आणि गुराखी स्पर्धकांची पहिली संघटना उभी राहिली. पिकन्स यांची उमेदवारी याच काळातली. अशा पेशात दुखापती अटळ असतात, आणि त्यांनाही त्या झाल्या.

मध्येच दुसरे महायुद्ध आले आणि पिकन्स लष्करी हवाई दलात भरती झाले. भरतीच्या वेळी व्यवसाय विचारला असता त्यांनी ‘रोडिओ’ असे सांगितले, लिहिणाऱ्याने ते ‘रेडिओ’ असे टिपले, आणि म्हणून त्यांची संपूर्ण सेवा अमेरिकेच्या मध्यभागातील एका रेडिओ केंद्रावर गेली, असा किस्सा त्यांच्याबद्दल नेहमी सांगितला जातो. त्यातला तपशील किती रंगवलेला आहे हे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. वळूसमोर रोज उभा राहणारा हा माणूस युद्धाच्या आघाडीवर गेला नाही.

युद्धानंतर ते पुन्हा रिंगणात परतले. १९५० साली त्यांना चित्रपटात पहिले महत्त्वाचे काम मिळाले, आणि खरी घोडेस्वारी, खरे बोलणे आणि पडण्याची भीती नसलेले शरीर यांमुळे त्यांना गुराख्यांच्या चित्रपटांत सतत मागणी राहिली. १९६४ च्या एका गाजलेल्या चित्रपटात ते बॉम्बफेकी विमानाच्या प्रमुखाच्या भूमिकेत होते, आणि अणुबॉम्बवर बसून टोपी हलवत खाली जातानाचे त्यांचे दृश्य जगभर ओळखले जाते. त्या दृश्यातली त्यांची बसण्याची पद्धत आणि वर उचललेला मोकळा हात अस्सल रोडिओतला आहे. ८ डिसेंबर १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. २००५ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील व्यावसायिक रोडिओच्या मानदालनात त्यांचा समावेश झाला, म्हणजे रोडिओने त्यांना आपला माणूस म्हणून मान द्यायला त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षे घेतली.

हे धाडस सैन्यातून येते का?

सैन्यात काम केलेल्या बुलफायटरबद्दल ऐकले की आपण सहज एक कारण जोडतो: सैन्याने त्याला धाडसी बनवले आणि म्हणून तो वळूसमोर उभा राहू शकला. पिकन्स यांच्या आयुष्यात हा क्रम बसत नाही. ते आधी बुलफायटर होते, नंतर सैनिक झाले, आणि सैन्यात त्यांना जिवावरचा प्रसंग आला तो रिंगणातल्यापेक्षा कमीच. त्यांच्यावर सैनिकी शौर्याचा मुलामा चढवण्याची गरज नाही, आणि तसा तो चढवला तर त्यांच्या खऱ्या कामावर अन्यायच होतो.

याउलट उदाहरणही रोडिओतच आहे. फ्रेकल्स ब्राउन हे नामवंत वळूस्वार युद्धकाळात चीनमध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेत हवाई छत्रीधारी सैनिक होते. ते १९६२ साली वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी जगज्जेते झाले, आणि १९६७ साली शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ‘टॉर्नेडो’ या वळूवर आठ सेकंद पूर्ण केले. या वळूवर त्याआधी कोणालाही ते जमले नव्हते. त्यांच्याही बाबतीत वळूंशी नाते युद्धाआधीच जुळलेले होते.

मग सैन्य आणि हा पेशा यांत साम्य आहे की नाही? आहे, पण ते धाडसाच्या उगमात नाही, कामाच्या रचनेत आहे. दोन्हीकडे आपली जागा सोडली तर शेजारचा माणूस मरतो, म्हणून जोडीदारावर विसंबणे हा कामाचाच भाग होतो. दोन्हीकडे घाबरण्याला बंदी नसते. घाबरूनही ठरलेले पाऊल टाकता यावे म्हणून ते पाऊल आधी हजारदा घोटवलेले असते. अमेरिकेत आजी-माजी सैनिकांची स्वतंत्र रोडिओ संघटनाही आहे आणि ती स्पर्धा भरवते, यावरून हे दोन समाज एकमेकांना किती जवळचे आहेत ते दिसते. त्याला साधे सामाजिक कारणही आहे: ज्या ग्रामीण पश्चिम आणि दक्षिण अमेरिकेतून रोडिओचे लोक येतात, तिथून सैन्यातही मोठ्या संख्येने तरुण जातात.

पैसे, हाडे आणि मतदान

स्पर्धक स्वाराला प्रवेश शुल्क भरावे लागते आणि जिंकला तरच पैसे मिळतात. बुलफायटर स्पर्धक नसतो. आयोजक त्याला प्रत्येक प्रयोगासाठी ठरावीक मानधन देतो. त्यामुळे त्याचे उत्पन्न थोडे स्थिर असते, पण मोठे बक्षीस त्याच्या वाट्याला येत नाही. १९८० च्या दशकापासून ‘मुक्त बुलफायटिंग’ ही वेगळी स्पर्धा लोकप्रिय झाली, ज्यात स्वार नसतोच आणि एकटा माणूस साधारण एक मिनिट वळूला हूल देत राहतो; कॅलिफोर्नियाचे रॉब स्मेट्स तिच्यात पाच वेळा जगज्जेते ठरले, तेही मानेच्या गंभीर दुखापती सोसून.

या पेशातील सर्वांत मोठा सन्मान मात्र पैशात मोजला जात नाही. वर्षाअखेरच्या राष्ट्रीय अंतिम रोडिओत, जी १९५९ साली डॅलसमध्ये सुरू झाली आणि १९८५ पासून लास वेगासमध्ये भरते, बुलफायटर कोण असावेत हे आघाडीचे वळूस्वार मतदान करून ठरवतात. ज्यांचे जीव त्यांच्या हाती असणार आहेत तेच त्यांना निवडतात. कोणत्याही पेशात कामाची यापेक्षा प्रामाणिक पारख मला ठाऊक नाही.

आणि वळूचे काय?

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: माणसाने स्वतःहून धोका पत्करला, पण वळूला कोणी विचारले? वळू उसळावा म्हणून त्याच्या कंबरेजवळ एक पट्टा आवळतात. हा पट्टा वृषणांना बांधलेला असतो, ही समजूत चुकीची आहे. तो कुशीच्या मऊ भागावरून जातो. पण तो जनावराला नकोसा वाटतो आणि त्यातून सुटण्यासाठी ते लाथा झाडते, हे खरेच आहे. व्यावसायिक संघटनांचे नियम पशुवैद्य उपस्थित असावा, शिंगांची टोके बोथट केलेली असावीत असे सांगतात. वळू महाग असतात, म्हणून मालक त्यांची काळजी घेतात, हा समर्थकांचा युक्तिवादही अर्धा बरोबर आहे. तरीही अमेरिकेतील प्राणिसंरक्षण संघटना रोडिओला विरोध करतात, पिट्सबर्ग शहरात या पट्ट्याला बंदी आहे, आणि ब्रिटनने १९३४ सालीच कायदा करून असे प्रकार बंद केले.

आपल्याकडे हा वाद परका नाही. गोव्यातील धिरियोवर, म्हणजे बैलांच्या झुंजींवर, उच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकात बंदी घातली. महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही न्यायालयीन बंदीमुळे काही वर्षे थांबल्या होत्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये तमिळनाडू व कर्नाटकसोबत महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरवला. मला स्वतःला बुलफायटरबद्दल अपार आदर वाटतो आणि त्याच वेळी कंबरेच्या पट्ट्याबद्दल अस्वस्थता वाटते, आणि या दोन भावना एकमेकींना रद्द करत नाहीत. वळूवर बसण्याचा खेळ राहावा की नाही, याचा निर्णय बुलफायटरच्या शौर्यावरून करता येणार नाही, कारण त्याने तो खेळ मांडलेला नाही. जोवर माणसे वळूवर बसत आहेत, तोवर ती पडणारच आहेत, आणि पडलेल्या माणसाकडे जाणारे कोणीतरी रिंगणात असावेच लागेल.